पालशेवण्याची पडीक जागा

कोकणाचं भवितव्य ठरवायला पुण्यासारखी जागा नाही. समुद्र इथून चांगला लांब आहे, त्यामुळे विचारांना वास येत नाही. मंदाकिनी गुप्ते यांनी अशा बिनवासाच्या विचारांत एकतीस वर्षं काढली होती. एका संशोधन संस्थेत त्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. मागासलेल्या किनारपट्टीचा विकास कसा करावा हा त्यांचा विषय, आणि त्या विषयावर पुण्यात त्यांच्यासमोर तोंड उघडायची सहसा कोणाची छाती होत नसे. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी त्या संस्थेच्या जिन्यात दिसल्या की तरुण मंडळी बाजूला सरकायची. बाईंना ते आवडायचं. आवडत नाही असं म्हणायच्या, पण आवडायचं.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे पालशेवणे खाडीचा अहवाल. दक्षिण कोकणातल्या या खाडीच्या अलीकडच्या तीरावर चौदा गावं. रस्ता धड नाही, होड्या उभ्या करायला धक्का नाही, बर्फासाठी तीस किलोमीटर जावं लागे. अठरा वर्षांपूर्वी बाई विद्यार्थ्यांची टोळी घेऊन तिथे गेल्या, घरोघर फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि या गावांनी वर कसं यावं ते अडीचशे पानांत लिहून काढलं. आपल्याकडे अहवाल लिहिले जातात ते कपाटाची शोभा वाढवायला, पण या अहवालाचं नशीब जोरदार. सरकारनं तो चक्क वाचला. धक्का झाला, रस्ता झाला, बर्फाचा कारखाना आणि शीतगृह झालं. बंदरात उतरणारी मासळी दहा वर्षांत तिपटीनं वाढली. परिसंवादांत लोक पालशेवण्याचं उदाहरण देऊ लागले, आणि उदाहरण देताना बाईंकडे बघू लागले.

एवढी मोठी बाई राहायची मात्र नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, एकटी. लग्न केलं नव्हतं. दर शनिवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन त्या चालत कसब्यात जायच्या, मेहबूबभाईंच्या दुकानात. मेहबूबभाईंचं घराणं कसब्यात तीन पिढ्यांचं, दुकान सुक्या मासळीचं आणि मसाल्यांचं. गुप्त्यांच्या घरात आठवड्यातून एकदा तरी सुकट हवी. ती भाजली की खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं दार मुद्दाम आवाज करून बंद व्हायचं. बाई त्याला साप्ताहिक निषेध म्हणायच्या आणि पुढच्या शनिवारी थोडी जास्तच आणायच्या.

दुकानात चारेक वर्षांपासून मुमताज बसत असे. मेहबूबभाईंच्या बायकोची ही मावसबहीण, पन्नाशीची, नवरा वारलेला. मुलगा फैझल एका कंपनीत गाडी चालवायचा, त्याच्याबरोबर ती धायरीला राहायची आणि रोज बसनं कसब्यात यायची. सुपात जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, निवडत बसायची. चिमूटभर जवळा नाकाशी नेऊन तो कधी वाळवला, कशावर वाळवला आणि वाळताना आभाळ होतं का, हे ती सांगू शकायची. बाईंना या गोष्टीचं कौतुक होतं. ज्ञान म्हटलं की बाईंना कौतुक, मग ते कोणाकडेही असो. कौतुक करण्यापलीकडे त्याचं काही करावं लागतं हे मात्र त्यांच्या शास्त्रात नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बाईंच्या डोक्यात नवा आराखडा घोळत होता. खाडीच्या पलीकडच्या तीरावरच्या अकरा गावांचा विकास आता सरकारनं हाती घेतला होता. काम मिळालं होतं बाईंचा जुना विद्यार्थी प्रज्ञेश याच्या सल्लागार कंपनीला, आणि आराखडा तपासणाऱ्या समितीच्या अध्यक्ष म्हणून बाईंचं नाव. त्यांची सही झाली की काम पुढे. अकरा गावांपैकी बोरसई हे गाव मुख्य. तिथल्या किनाऱ्याच्या मोकळ्या जागेवर शीतगृह आणि ट्रकचा तळ होणार होता. तक्त्यात त्या जागेपुढे लिहिलं होतं, सध्याचा वापर काही नाही, पडीक.

त्या सकाळी जवळा नेहमीपेक्षा चांगला होता. बाईंनी सहज विचारलं, कुठला हा? मुमताज म्हणाली, बोरसईचा. माझी लेक आलिया तिकडे दिली आहे ना, तिनं वाळवलेला.

"बोरसईला वाळवायला जागा कुठे आहे? तिथे किनाऱ्यावर काहीच नाही," बाई म्हणाल्या. तक्ता त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

मुमताज हसली. म्हणाली, दिवाळीपासून मेपर्यंत निम्मं गाव त्या जागेवर असतं. पहाटे होड्या आल्या की बायका जवळा विकत घेतात, जाळी अंथरून पसरतात, दिवसभर उलटापालटा करतात. एकेकीची ठरलेली जागा असते, सासूकडून सुनेकडे येते. कागद नसतो कशाचाच, पण कोणी कोणाच्या जागेवर पाय ठेवत नाही. मग तिचं हसू गेलं, आणि हातातलं सूप खाली ठेवून ती म्हणाली, "आमच्या पालशेवण्यालाही होती तशीच. माझ्यामुळं गेली ती."

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

मुमताजनं जे सांगितलं ते असं. एका पावसाळ्यात पुण्याची एक बाई गावात आली होती, चष्मा लावलेली, हातात मोठी छत्री. घरोघर बसून विचारत होती. मुमताज तेव्हा बत्तीस वर्षांची. बाईनं विचारलं, घरात कमावतं कोण? मुमताजनं नवऱ्याकडे बोट केलं, तशी रीतच होती. बाईनं दारातून दिसणाऱ्या मोकळ्या जागेकडे बघत विचारलं, तिथे काय चालतं? मुमताजनं काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर पुढे पुस्तकात छापून आलं, चौकटीत, तिच्या नावासकट. जागा घ्यायची वेळ आली तेव्हा बायका अडून बसल्या, तर सरकारच्या साहेबानं ग्रामसभेत ते पुस्तक उघडून वाचून दाखवलं. "जागा रिकामीच असते. मुमताज, वय बत्तीस, पालशेवणे." एकशेचाळीस बायका होत्या त्या जागेवर सुकवणाऱ्या. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

जागेला कुंपण पडलं. बर्फ आला, शीतगृह आलं, मोठ्या बोटींची मासळी परस्पर ट्रकांत जाऊ लागली. बोटवाल्यांची घरं दुमजली झाली. सुकवणाऱ्या बायका कोणी रत्नागिरीला कारखान्यात मासे सोलायला गेल्या, कोणी घरी बसल्या. मुमताजशी गल्लीतलं कोणी धड बोलेना. आलियाच्या लग्नात हळदीला शेजारची एकही बाई आली नाही. गाणी म्हणायला कोणी नाही म्हणून मेहबूबभाईंची बायको पुण्याहून गेली, तिला गाणी येत नव्हती, तरी तिनं म्हटली. आलियानं ते अजून विसरलेलं नाही. आईचं नाव निघालं की ती अजून म्हणते, तुला गप्प बसता आलं नाही का?

"मी 'पावसात' म्हणाले होते असं मला वाटतं," मुमताज म्हणाली. "पावसात रिकामी असते. आता पावसात कोण सुकवणार, मॅडम? पण बुकात तसं नाय. आणि बुक लिहिणारी बाई शिकलेली, ती कशाला चुकंल? मीच घाईत तसं बोलून गेले असणार. रोज वाटतं, बोलले का नाय बोलले."

 बाई जवळ्याचं पुडकं घेऊन घरी आल्या. त्या दिवशी सुकट भाजली नाही.

माळ्यावर जुन्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे होते. संस्थेनं ते रद्दीत काढले तेव्हा बाईंनी भांडून घरी आणले होते. स्टुलावर चढून त्यांनी पालशेवण्याचा गठ्ठा काढला, धुळीनं शिंकल्या, आणि दुपारपर्यंत शोधत बसल्या. मुमताजचा कागद सापडला. अक्षर त्यांचं स्वतःचं, टपोरं आणि सरळ. "पावसात जागा रिकामीच असते. आता बघा की, गवत माजलंय." शेजारी अहवालाची छापील प्रत उघडली. चौकटीत दोनच ओळी मावत होत्या. बाईंना ते संपादन आठवलं. वाक्य आटोपशीर करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सुरुवातीचा एक शब्द आणि शेवटचं गवत काढलं की वाक्य कसं उठून दिसतं, असं त्या तेव्हा सहायकाला म्हणाल्यासुद्धा होत्या.

आणि मुळात पाहणी पावसाळ्यात का केली, तर तेही त्यांचंच डोकं. संस्थेत अनुदान एप्रिलमध्ये यायचं, प्रश्नावल्या मेमध्ये छापून व्हायच्या, कॉलेजची मुलं जूनमध्ये मोकळी. शिवाय पावसाळ्यात मासेमारी बंद असते, माणसं घरी सापडतात. ही युक्ती बाईंनी पुढे आपल्या पाहणीपद्धतीच्या पुस्तकात घातली, आणि विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्यांनी ती पाठ केली. माणसं घरी सापडतात हे खरंच होतं. पण जी माणसं घरी सापडतात ती त्या दिवसांत काही करत नसतात, एवढी साधी गोष्ट अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेला अठरा वर्षांत सुचली नव्हती. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या बराच वेळ माळ्याखालच्या त्या स्टुलावरच बसून राहिल्या.

त्यांनी प्रज्ञेशला बोलावून घेतलं. तो संध्याकाळी आला, पन्नाशीकडे झुकलेला, अजूनही बाईंसमोर खुर्चीच्या कडेवर बसणारा. बाईंनी विचारलं, बोरसईची पाहणी कधी केलीस?

"जून-जुलैमध्ये, मॅडम. मेथड तुमचीच आहे. पान नंबरसकट रेफरन्स दिलाय."

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. कागद दाखवला. प्रज्ञेश मुलगा वाईट नव्हता. त्यानं कागद दोनदा वाचला, कपाळ चोळलं आणि म्हणाला, आत्ता सीझन चालू आहे, आठ दिवसांत टीम पाठवून पुन्हा पाहणी करता येईल. शीतगृह जरा आत, रस्त्याकडे सरकवलं तरी सुकवायची जागा वाचते. पण क्लायंटला कारण काय द्यायचं? सगळा आराखडा पालशेवण्याच्या यशावर उभा. तिथे सगळं उत्तम झालं, म्हणून इथे तसंच करू, अशी ती मांडणी होती.

"तुम्ही बैठकीत एक वाक्य बोला, मॅडम," तो म्हणाला. "पालशेवण्याचा अहवाल या मुद्द्यावर चुकला होता, एवढंच. मिनिट्समध्ये आलं की माझं काम झालं. मी म्हटलं तर कोण ऐकणार? तुम्ही म्हटलं तर ऐकावंच लागेल."

बाई म्हणाल्या, बोलते. न बोलण्यासारखं काय आहे त्यात?

पुढच्या शनिवारी त्या कसब्यात गेल्या आणि दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून मुमताजसमोर बसल्या. ती छत्रीवाली बाई मीच, असं त्यांनी सांगून टाकलं. मुमताज त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. अठरा वर्षांत बाईंचे केस पांढरे झाले होते, चष्म्याची काच जाड झाली होती. मेहबूबभाई आतून मिरच्यांचं पोतं घेऊन आले होते, ते तसेच परत आत गेले. मुमताज चिडेल अशी बाईंची अपेक्षा होती. तयारीही होती. पण मुमताजनं एकच विचारलं.

"मग तुमाला ठाऊक असंल. मी 'पावसात' म्हणाले होते का?"

इथे बाईंनी सरळ हो म्हणायला हवं होतं. म्हटलंही असतं. पण कोणतीही गोष्ट योग्य जागी, योग्य माणसांसमोर मांडावी ही त्यांची जन्माची सवय. दुकानात बसून सांगण्यात काय अर्थ, चारचौघांत, सरकारच्या साहेबांसमोर सांगायला हवं, म्हणजे आलियापर्यंत आणि गावापर्यंत पोहोचेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी मुमताजचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "गुरुवारी बैठक आहे. चूक तुमची नव्हती हे मी तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही यायचं ऐकायला."

मुमताजनं मेहबूबभाईंना सांगून गुरुवारची सुट्टी पक्की केली. आलियाला फोन केला. आलियाचा विश्वास बसला नाही, पण ती म्हणाली, बैठक झाली की मला पहिलं कळव.

बैठक डेक्कनवरच्या एका हॉटेलच्या सभागृहात होती. थंडगार हवा, बिस्किटं, पाण्याच्या इवल्याशा बाटल्या. भिंतीवर बोरसईचा किनारा उपग्रहातून दिसत होता, हिरवागार आणि निर्मनुष्य, जुलैमधला. मुमताज इस्त्रीची साडी नेसून आणि डोक्यावरून पदर घेऊन शेवटच्या रांगेत बसली. चहावाल्यानं तिला चहा द्यावा की नाही याचा क्षणभर विचार केला आणि दिला. बाईंनी तो कागद मात्र आणला नव्हता. निघताना पर्समध्ये घातला होता, मग काढून ठेवला. मंदाकिनी गुप्त्यांच्या शब्दाला पुरावा कशाला लागतो, असा विचार त्यांनी केला होता.

पहिल्या रांगेत श्यामसुंदर दाते बसले होते. दाते बाईंचे संस्थेतले बरोबरीचे आणि जन्माचे प्रतिस्पर्धी. पालशेवण्याचा अहवाल फुगवलेला आहे असं ते पंधरा वर्षं चहाच्या टेबलावर म्हणत आले होते, आणि पंधरा वर्षं लोक त्यांना मत्सरी म्हणत आले होते. बाईंनी त्यांना पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं, हा कशाला तडमडला इथे?

प्रज्ञेशनं आराखडा मांडला आणि शेवटी म्हणाला, बोरसईच्या जागेबद्दल मॅडमना काही सांगायचं आहे. बाई उठल्या. सुरुवात छान झाली. किनाऱ्यावर हंगामी वापर असतो, तो पावसाळ्यातल्या पाहणीत दिसत नाही, सुकवणाऱ्या स्त्रियांचा व्यवसाय त्यावर उभा आहे, त्यामुळे बोरसईची पाहणी हंगामात पुन्हा करावी. मुद्दे एकापाठोपाठ एक, वर्गात असत तसे. मुमताज पुढे झुकून ऐकत होती.

मुंबईहून आलेले सरकारचे साहेब बैठक चालवत होते. सभ्य माणूस. त्यांनी आधी पालशेवण्याच्या अहवालाची तोंडभरून स्तुती केली. नोकरीला लागलो तेव्हा तो अहवाल आम्हाला प्रशिक्षणात होता, म्हणाले. मग पेन खाली ठेवून त्यांनी अगदी आदरानं विचारलं, "पण मॅडम, पालशेवण्यालाही आपण अशीच जागा पडीक धरली होती. मग आपला अहवाल चुकला होता, असं नोंदवायचं का?"

हाच तो प्रश्न. याच्यासाठीच तर सगळा घाट घातला होता. उत्तर एका शब्दाचं होतं आणि बाईंनी ते घरी आरशासमोरही म्हणून पाहिलं होतं.

दात्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा लावून बाईंकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू होतं. मागे संस्थेतली सात-आठ तरुण मुलं-मुली वही उघडून बसली होती. आणि मग बाईंना त्यांचाच आवाज ऐकू आला, स्वच्छ, ठाम, एकतीस वर्षं कमावलेला.

"चुकला असं नाही म्हणता येणार. पाहणीत तिथल्या बायकांनीच आम्हाला जागा रिकामी असते असं सांगितलं होतं. मिळालेल्या माहितीनुसार अहवाल बरोबरच होता."

साहेबांनी मान डोलावली, पेन उचललं आणि लिहून घेतलं. दाते खिडकीबाहेर बघू लागले. मग अहवाल बरोबर असेल, तर त्याच पद्धतीनं झालेली बोरसईची पाहणी पुन्हा कशासाठी, वेळ कुठे आहे, असं साहेब म्हणाले, आणि ते तर्काला धरूनच होतं. मॅडमच्या सूचनेची परिशिष्टात नोंद घ्यावी, असं ठरलं. पुढचा विषय निघाला. प्रज्ञेशनं बाईंकडे पाहिलं नाही. नंतरही, सहीसाठी कागद पुढे केला तेव्हाही, तो कागदाकडेच बघत होता. बाईंनी सही केली. न करण्याचं कारण त्यांच्यापाशी आता उरलं नव्हतं, ते त्यांनीच खोडून टाकलं होतं.

मुमताजची खुर्ची रिकामी होती.

बाई जेवणाला थांबल्या नाहीत. या वयात जमेल तेवढ्या भराभर जिना उतरून रस्त्यावर आल्या. मुमताज धायरीच्या बसथांब्यावर उभी होती आणि फोनवर बोलत होती. बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"झाली गं बैठक," मुमताज सांगत होती. "व्हय, त्या बोलल्या. सगळ्या साहेबांसमोर बोलल्या. नाय, आलिया, माझंच चुकलं होतं. मीच तसं सांगितलं होतं. बाईंनी तपासून सांगितलं, साहेबानं लिहून पण घेतलं." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली, आणि शेवटी "बरं" म्हणून तिनं फोन ठेवला. बोरसईच्या जागेचं तिनं लेकीला सांगितलं नव्हतं. ते कसं सांगावं ते तिला कळलं नसावं.

वळली तर समोर बाई.

बाईंनी मग सगळं सांगितलं. थांब्यावर चार माणसं उभी होती त्यांच्यादेखत सांगितलं. तुम्ही 'पावसात' असंच म्हणाला होतात, तो शब्द मी कापला, चौकटीत मावत नव्हता म्हणून कापला. माझ्याकडे कागद आहे, माझ्या अक्षरातला, घरी आहे, आत्ता चला दाखवते. आत मी खोटं बोलले. दात्यांसमोर मला कमीपणा घेववला नाही, म्हणून खोटं बोलले. एकही मुद्दा इकडचा तिकडे नाही, एकही शब्द अडखळला नाही. सभागृहात जे वाक्य तोंडातून निघालं नाही ते इथे सहज निघत होतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती.

मुमताजनं शांतपणे ऐकून घेतलं. रागाचा मागमूस तिच्या चेहऱ्यावर नव्हता. तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मॅडम, कागद असता तर तुमी आत दाखवला असता," ती म्हणाली. "तिथं साहेब विचारत होता. तिथं खोटं कशाला बोलाल तुमी? आता मला वाईट वाटू नये म्हणून बोलताय, ते कळतंय मला."

"नाही हो, मुमताज, खरंच..."

"राहू द्या. एवढी वर्षं रोज वाटायचं, बोलले का नाय बोलले. आता पक्कं झालं. एका अर्थी सुटले."

तिनं बाईंच्या दंडावर हात ठेवून जरा थोपटलं, आजारी माणसाला थोपटावं तसं. धायरीची बस आली. गर्दी होती. मुमताज पदर सावरून चढली, आणि दारातल्या कुणीतरी बसायला जागा दिली तेव्हा आत सरकली. बाई खालून हाक मारत होत्या, कागद आहे, खरंच आहे म्हणत होत्या. कंडक्टरनं विचारलं, आजी, यायचंय का? बाई अजून कागदाचंच सांगत होत्या. त्यानं दोरी ओढली.